सतरा नंबरची बॅच

अनसूया गायधने ज्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथून बाहेर पडणारा माल दिसायला निव्वळ कोळशाची भुकटी होता. पॉलिथिनच्या पाकिटात भरलेली, किंचित ओलसर, काळी भुकटी. त्या भुकटीत जीव असायचा, आणि तो डोळ्यांना दिसत नसायचा. पाकिटातला जीव मेला तरी भुकटी तशीच काळी आणि तशीच ओलसर राहायची. कामाच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी तिला हे सांगितलं तेव्हा तिने नुसती मान डोलावली होती. त्याचा अर्थ तिला आठ वर्षांनी कळला, १९८२ च्या पावसाळ्यात.

माहेर गोंदियाकडचं. लग्न होऊन ती जबलपूरला घमापुरात आली. नवरा मुरलीधर संरक्षण खात्याच्या कारखान्यात टर्नर होता. एक मुलगी झाली, मीरा. मीरा शाळेत जायला लागल्यावर अनसूया शेतीच्या एका संशोधन केंद्रात रोजंदारीवर काचेची भांडी धुवायला लागली. नववीपर्यंत शिकलेली, हाताला स्थिर आणि कामात नीटनेटकी. चार वर्षांत ती भांडी धुण्यावरून पाकिटं भरण्यापर्यंत पोचली आणि पुढच्या चार वर्षांत अशी वेळ आली की पाकिटांचं सगळं काम तीच बघायची.

तिचे साहेब डॉ. रत्नाकर देवधर. कमी बोलणारे, पण एखादी गोष्ट समजावून सांगायला बसले की चहा गार होईपर्यंत सांगायचे.

"हवेत नत्र भरपूर आहे, बाई," ते म्हणाले होते. "पण झाडाला तो घेता येत नाही. डाळीच्या जातीतल्या झाडांच्या मुळांवर हे जंतू गाठी करून राहतात, हवेतला नत्र पकडतात आणि झाडाला भरवतात. झाड त्यांना साखर देतं. दोघांचं भागतं. युरियाची गरज पडत नाही."

"मग पाकीट कशाले पाहिजे? जंतू मातीत नसते का?"

"हरभऱ्याचे असतात. सोयाबीन इथे परकं पीक आहे. त्याचा जंतू आपल्या मातीत नाही. तो आपण द्यायचा."

अडचण उन्हाची होती. मे-जूनच्या उन्हात, दुकानाच्या पत्र्याखाली पाकिटं पडून राहायची आणि आतले जंतू मरायचे. डॉक्टर सहा वर्षं त्याच्यामागे लागले होते. जंतूंवर विशिष्ट किरण सोडायचे, हजारातले नऊशे नव्याण्णव मरायचे, उरलेल्यांना गरम पेटीत ठेवायचं, त्यातूनही जे तगतील ते निवडायचे, मग कुंडीतल्या रोपाच्या मुळांवर गाठी येतात का ते बघायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत त्यांनी एक वाण घडवला होता. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं, प्रयोगशाळेत सगळे त्याला 'उन्हाळी' म्हणायचे. ब्याऐंशीच्या खरिपात उन्हाळी पहिल्यांदा शेतकऱ्यांच्या रानात जायचा होता. आणि त्याच महिन्यात अनसूयाला कायम करण्याची फाइल वर गेली होती.

जंतू कोळशात मिसळण्याआधी कोळसा निर्जंतुक करावा लागतो. मोठ्या कुकरसारखं एक यंत्र होतं, ऑटोक्लेव्ह. त्यात कोळशाच्या पिशव्या ठेवून तीन तास वाफ द्यायची. कोळशाच्या पोटात उष्णता हळूहळू शिरते, म्हणून तीन तास. तेव्हाच आतले परके जंतू मरतात, नाहीतर नंतर तेच माजतात आणि आपल्या जंतूला खाऊ देत नाहीत.

जूनच्या नऊ तारखेला सतरा नंबरच्या बॅचचा कोळसा तिने यंत्रात चढवला. तासाभराने शेजारच्या विभागातली बाई सांगत आली की घमापूरच्या दुकानात रॉकेल आलंय, रांग लागलीय. पंधरा दिवस घरात रॉकेल नव्हतं. शेजारणीकडून आणलेली बाटलीही सकाळी संपली होती. मुरलीधर कारखान्यात, मीरा सुट्टीत आजोळी. यंत्र तसंच चालू ठेवून जाण्याची मनाई होती. वर्षभरापूर्वी पाणी आटून एक यंत्र जळालं होतं.

अनसूयाने घड्याळाकडे पाहिलं. यंत्र बंद केलं. रजिस्टरमध्ये लिहिलं: तीन तास. आणि डबा घेऊन निघाली.

रॉकेल मिळालं. संध्याकाळी स्टोव्हवर भात रटरटताना तिला वाटलं, एक तासही काही थोडा नसतो. दुसऱ्या दिवशी तिने त्याच कोळशात उन्हाळीचं दाट पाणी मिसळलं, परातीत मळलं, आठवडाभर मुरू दिलं आणि पाकिटं भरली. प्रत्येक बॅचमधली चिमूटभर भुकटी काचेच्या ताटलीत लाल रंग घातलेल्या खाद्यावर पसरून ठेवायची पद्धत होती. आपला जंतू तो रंग पीत नाही, त्याचे ठिपके पांढरट राहतात. परका जंतू रंग पिऊन लालभडक होतो. आपला जंतू सावकाश वाढतो, ठिपके दिसायला सात दिवस लागतात. तेवढा वेळ त्या वर्षी कोणाला नव्हता. मझौली गावाकडची जीप दुसऱ्याच दिवशी येऊन सतरा नंबरची सगळी पाकिटं घेऊन गेली.

जीप गेल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने ताटल्यांचा डबा उघडला. पाचही ताटल्या लाल होत्या. चिकट, ओघळलेल्या, एकमेकांत मिसळलेल्या लाल थरांनी भरलेल्या. दोनच रात्रींत एवढे. तिने ताटली नाकाजवळ नेली. आंबूस वास आला.

तिच्या कानात एकदम दडे बसल्यासारखं झालं. खोलीत कोणी नव्हतं. तिने दार लावून घेतलं, पाचही ताटल्या उकळत्या पाण्यात टाकल्या, धुतल्या, पुसल्या आणि फडताळात उलट्या ठेवल्या. रजिस्टरमध्ये सतरा नंबरपुढे लिहिलं: ठीक. लिहिताना हात अजिबात हलला नाही, याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली.

मझौलीला तिची नणंद होती. अंजनी, मुरलीधरची मोठी बहीण. तिचा नवरा तुळशीराम चांगला शेतकरी. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. पावसाळ्यात शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचे, सगळं पाणी आत कोंडायचं, शेताचं तळं करायचं. त्याला बंधी म्हणत. दसऱ्याच्या सुमाराला पाणी सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू, हरभरा घ्यायचा. खरिपात सोयाबीन पेरायचं तर बंधी फोडावी लागे, पाणी वाहून जाऊ द्यावं लागे. मग सोयाबीन फसलं तर पाठोपाठ गव्हाची ओलही गेलेली.

तुळशीराम राजी नव्हता. अंजनी त्याच्या मागे लागली, कारण अनसूयाने सांगितलं होतं. उन्हाळ्यात मझौलीच्या ओसरीवर बसून ती म्हणाली होती, "ताई, मी माह्या हातानं करतो हे. एकदा पेरून तर पाहा." चार एकरांची बंधी फुटली. त्यांचं पाहून आणखी दहाजणांनी थोडीथोडी फोडली.

त्या अकराही घरी सतरा नंबरची पाकिटं गेली होती.

पेरणी झाल्याचं पोस्टकार्ड आलं. अंजनीने शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. गुळाच्या पाण्यात काळी पावडर कालवून बियाण्याला चोळली, सावलीत वाळवली, अठ्ठावीस तारखेला पेरलं, उगवण छान आहे. अनसूयाने ते कार्ड तीनदा वाचलं. उगवण छान असणारच. बीला आपली शिदोरी असते, तीन आठवडे ती पुरते. त्यानंतर मुळांवर गाठी नसल्या तर झाड उपाशी पडतं आणि पिवळं होतं.

तिने पेरणीपासूनचे दिवस मोजायला सुरुवात केली. पोळी लाटताना मोजायची, बसमध्ये मोजायची. प्रयोगशाळेत फोन वाजला की मोजत असलेली पाकिटं तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागायची. कोणी साहेबांच्या खोलीत शिरून दार लोटलं की ती काम सोडून ऐकत राहायची. एकदा डॉक्टरांनी सहज विचारलं, "सतरा नंबरच्या ताटल्या तुम्ही पाहिल्यात ना?" ती म्हणाली, "हो, ठीक होत्या." ते लगेच दुसऱ्या कामाकडे वळले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, आणि विचारलं नाही म्हणून हायसंही वाटलं.

पंधराव्या दिवशी तिने मुरलीधरला सांगितलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"मग नको सांगू." तो दाराकडे बघत हळू बोलला. "फाइल वर गेली आहे. आठ साल तू राबली. खोटी नोंद म्हटली की घरीच बसवतात, वरून चौकशी."

"अन् अंजनीताई?"

त्याने ताट बाजूला सारलं. "पाऊस कमी-जास्त होतेच. पीक कशानंही जाते. कोणाले समजते?"

खरं तेच होतं. कोणालाच समजणार नव्हतं. भुकटी मातीत मिसळून गेली होती, ताटल्या धुतलेल्या होत्या, रजिस्टर स्वच्छ होतं. ही जाण तिला सुटका वाटायला हवी होती. उलट तिला असं वाटायला लागलं की आपण एकट्याच एका बंद खोलीत आहोत आणि किल्ली आपल्याच हातात आहे.

चोविसाव्या दिवशी, गुरुवारी, ती रजा टाकून सकाळच्या बसने मझौलीला गेली. डबकी, म्हशी, पाण्याने भरलेल्या बंध्या. दोन्ही बाजूंना तळीच तळी, आणि मध्येच एखादं उघडं शेत. मझौलीच्या अलीकडे तिला पहिलं सोयाबीन दिसलं. ते फिकट होतं. ढगांच्या सावटाने तसं दिसत असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

अंजनी तिला सरळ शेतावरच घेऊन गेली. जाताना बोलत होती, पण नेहमीपेक्षा कमी. तुळशीराम बांधावर उभा होता.

"पिवळं पडून राहिलं," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगावं तसं.

अनसूया वाकली. रोप खुरप्याने मातीसकट उचललं, डबक्यात हलकेच खळबळून धुतलं. मुळं बाहेर आली. पांढरी, स्वच्छ, सुतासारखी. कुठेही गाठ नाही. तिने दुसरं उपटलं, तिसरं, मग चार ओळी ओलांडून आणखी एक. सगळी मुळं धुतलेल्या दोऱ्यासारखी सपाट.

"गाठी कुठं हायेत?" अंजनीने विचारलं. "तू म्हटलं होतं, मोहरीएवढ्या गाठी येतात म्हणून."

"अजून वेळ आहे, ताई," अनसूया म्हणाली. "आठ दिवसांत येतील."

अंजनीचा चेहरा सैल झाला. तिने भावजयीच्या पाठीवर हात ठेवला आणि तुळशीरामला म्हणाली, "पाहा, मी काय सांगत होती तुम्हाले." त्या हाताचं वजन अनसूयाला परतीच्या सगळ्या प्रवासात पाठीवर जाणवत राहिलं. पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार रोपं होती. ती कशासाठी आणली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचली तेव्हा डॉक्टर आधीच आलेले होते. त्यांच्या टेबलावर तशीच रोपं पडलेली होती. मझौलीच्या कृषी सहायकाने आदल्या दिवशी पाठवलेली. डॉक्टर त्यांच्याकडे बघत बसले होते. दाढी केलेली नव्हती.

"उन्हाळी गेला, बाई," ते म्हणाले. "कुंडीत चालतो, रानात चालत नाही. किरणांनी त्याचं काहीतरी मोडलेलं असणार. उन्हात जगतो, पण मुळात शिरायचं विसरला. असं होतं."

ती दारातच उभी राहिली.

"मी आज वर कळवतो. पुढच्या वर्षी जुनाच वाण." ते उठले. थंड कपाटातून काचेच्या नळ्यांची लाकडी घडवंची काढली. प्रत्येक नळीला कापसाचा बोळा, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. सहा वर्षं त्या घडवंचीत होती. "मोडका वाण ठेवला की कोणीतरी चुकून वापरतं. या सगळ्या ऑटोक्लेव्हला लावा. पूर्ण तीन तास द्या."

त्यांनी घडवंची तिच्या हातात दिली आणि ते खिडकीकडे वळले.

अनसूया यंत्राच्या खोलीत गेली. झाकण उघडलं. घडवंची आत ठेवली की संपत होतं. सतरा नंबरचा दोष उन्हाळीवर जात होता आणि उन्हाळी वाफेत मरत होता. मुरलीधर म्हणाला तसंच. कोणालाही समजणार नव्हतं. तिने घडवंची यंत्राच्या तोंडाशी नेली आणि तिच्या लक्षात आलं की नळ्या एकमेकींवर आपटून वाजताहेत. ती तशीच मागे फिरली.

"साहेब."

ते वळले.

"सतरा नंबरचा कोळसा मी एकच तास ठेवला. तीन लिहिले."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कोणता कोळसा?"

"मझौलीचा. रॉकेल आलं होतं, मी रांगेत गेली. ताटल्या लाल निघाल्या. पाचही. मी त्या धुतल्या अन् ठीक लिहिलं." आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही म्हणून ती एका दमात बोलली. "उन्हाळी चांगला आहे, साहेब. पाकिटांत तो नव्हताच. मेलेला होता."

त्यांची नजर तिच्या हातातल्या घडवंचीवर गेली. बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली, त्याचा आवाज आला.

"मी यांना मारायला दिलं होतं तुमच्याकडे," ते शेवटी म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "तुम्ही घेऊन गेलात."

"हो."

"घडवंची खाली ठेवा. हळू."

तिने ठेवली. मग त्यांनी विचारलं, किती घरं, किती एकर, पेरणी कधी. ती उत्तरं देत गेली. त्यांनी कागदावर काहीतरी मांडलं आणि म्हणाले, "कुंड्यांच्या प्रयोगासाठी उन्हाळीचं पाणी पाच दिवसांपासून ढवळायला ठेवलंय. आणखी दोन दिवसांत तयार होईल. कोळशात मिसळायला वेळ नाही. पाण्यात पातळ करून झाडांच्या बुडाशी ओतायचं. माती ओली आहे, कदाचित मुळापर्यंत पोचेल. कदाचित." चष्मा लावून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही यायचं. तिथे जाऊन काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

सोमवारी जीपमधून कॅन घेऊन ते निघाले तेव्हा अनसूया मागे कॅन धरून बसली. डॉक्टरांना सांगणं एक वेळ सोपं होतं. पुढे अंजनी उभी होती.

शेतात डॉक्टर तुळशीरामला ओतायचं कसं ते दाखवत होते. अनसूयाने अंजनीला बांधाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि सांगितलं. अंजनीने सगळं ऐकून घेतलं. रॉकेलचं ऐकलं तेव्हा तिने मान हलवली, जशी ती गोष्ट तिला समजत होती. ताटल्यांचं ऐकलं तेव्हा तिची मान हलायची थांबली.

"म्हणजे गुरुवारी तुले माहीत होतं," ती म्हणाली. "त्या मुळ्या हातात धरून तू मले आठ दिवसांत येतील म्हटलं."

"हो, ताई."

"काहून?"

"भेव वाटलं."

अंजनीने तिच्या हातातली बादली घेतली. "चल. ओतायचं आहे ना," एवढंच बोलली. दिवसभर दोघी शेजारशेजारच्या ओळींत वाकून लोट्यालोट्याने पाणी सोडत राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

अकरांपैकी नऊ घरी ते पाणी पोचलं. दोघांनी पिवळं पीक बघून आधीच नांगर फिरवला होता.

मग पुन्हा दिवस मोजणं आलं. आता लपवायचं काही नव्हतं, तरी भीती कमी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली. गाठी आल्याच नाहीत तर? उन्हाळी खरोखरच मोडका असला तर? तर तिने स्वतःचं सगळं घालवून काहीच वाचवलं नव्हतं. तिला भूक लागेना. मीराच्या वेण्या घालताना ती मध्येच थांबायची आणि मीरा मान वळवून विचारायची, "आई, क्या हुआ?"

विसाव्या दिवशी ती एकटी मझौलीला गेली. अंजनी ओसरीवरून उठली नाही. तुळशीराम तिला शेतावर घेऊन गेला. लांबूनच तिला रंग दिसला, पण तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. खाली बसून एक रोप उकरलं, धुतलं. सोटमूळ सपाटच होतं. वरच्या आडव्या मुळांवर, जमिनीच्या अगदी जवळ, सात-आठ गाठी होत्या. मोहरीहून मोठ्या, ज्वारीएवढ्या. एक गाठ तिने नखाने चिरली. आत गुलाबी. जिवंत, काम करणारी गाठ आतून गुलाबीच असते.

ती तशीच चिखलात टेकली. तुळशीरामने विचारलं, "बरं नाही का?"

"भाऊजी, हे पाहा," ती म्हणाली आणि चिरलेली गाठ त्याच्यापुढे धरली.

पीक आलं, पण उशिरा सुधारलेलं. शेजारच्या तालुक्यातल्या चांगल्या बॅचवाल्यांना जेवढं झालं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. गहू ओलीविना विरळ झाला. डॉक्टरांनी अहवालात सगळं लिहिलं, अनसूयाच्या नावासकट. तिची फाइल परत आली. तिला पाकिटांवरून काढून पुन्हा भांडी धुवायला लावलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला अंजनी घमापूरला आली नाही, मुरलीधरच एकटा मझौलीला जाऊन ओवाळून घेऊन आला. पुढच्या खरिपात उन्हाळी पुन्हा रानात गेला आणि मुळांवर गच्च गाठी आल्या. ते अनसूयाला भांडी घासता घासता दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

ज्या दोघांनी नांगर फिरवला, त्यांच्याकडे ती गेली नव्हती. एकजण शेत विकून सिहोऱ्याला गेला. दुसरा नथ्थू बोपचे. त्याला नुसतं एवढंच कळलं होतं की सरकारी पाणी आपल्या घरी यायला उशीर झाला. ती दर वेळी उद्यावर ढकलत राहिली. दोन वर्षांनी तुळशीराम काही कामाने घरी आला आणि बोलता बोलता म्हणाला, नथ्थू आता बायकोला पेरणीच्या बियाण्याला हात लावू देत नाही. त्या साली बियाण्याला पावडर तिनेच चोळली होती. तिच्या हाताला गुण नाही, असं घरात ठरलंय.

त्या रविवारी अनसूया नथ्थूच्या दारात उभी राहिली. नथ्थू खाटेवर होता, त्याची बायको शकु तांदूळ निवडत होती. अनसूयाने आपलं नाव सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. कोळसा, रॉकेल, ताटल्या.

"पाकिटं मेलेली होती," ती म्हणाली. "तुमच्या मातीत दोष नव्हता. यांच्या हातातही नव्हता. दोष माह्या हातात होता."

नथ्थू खाली बघत राहिला. शकुने सूप बाजूला ठेवलं. ती चाळिशीची, रोडकी बाई होती. ओरडेल, रडेल, असं अनसूयाला वाटत होतं आणि दोन्हीसाठी ती तयार होती.

"दोन साल मी पेरणीच्या दिवशी बांधावर बसून राहिली," शकु म्हणाली. "माह्याच पोरीच्या लग्नात हळद कांडायले मले बोलावलं नाही. तिथंही हाताचंच."

अनसूयाची नजर तिच्या हातांवर गेली.

"हे तुमी मले सांगितलं. माह्या हातात खोट नाही हे मले तं माहीतच होतं." शकु उठली, पदर सारखा केला. "चार लोकांत सांगसान का?"

गावातली आणखी आठ घरं होती, ज्यांना पाणी का ओतलं ते धड माहीत नव्हतं. अंजनीचं घरही त्याच गावात होतं. परतीच्या बसला तासभर अवकाश होता. तिने नथ्थूकडे पाहिलं. तो अजूनही खालीच बघत होता.

"सांगतो," ती म्हणाली.

देवळाच्या पारावर रविवारची माणसं बसली होती. शकु पुढे चालली, अनसूया तिच्या मागे. पारापाशी पोचल्यावर शकु बाजूला झाली आणि तिने हात दाखवून अनसूयाला जागा करून दिली. अनसूयाने डोक्यावरचा पदर घट्ट धरला. पहिलं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "ज़रा ज़ोर से, बाई." तेव्हा तिने आवाज चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.